सहा सुया

गोधडी शिवायची म्हणजे आधी जमीन लागते. सुई, दोरा, लुगडी, चिंध्या हे सगळं त्यानंतर. आमच्या साताऱ्याकडच्या गावात उन्हाळ्यात शेतातली कामं आटपली की माजघर झाडून मोकळं व्हायचं. जुनी लुगडी धुऊन-वाळवून एकावर एक अंथरायची, सरकू नयेत म्हणून चारी कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, जे हाताला लागेल ते ठेवायचं आणि चार बायका चार बाजूंनी बसायच्या. एक पाय दुमडून, एक पसरून, कंबरेतून वाकून. काठापासून सुरुवात करायची आणि चौकोनात चौकोन घालत आत आत सरकायचं. तिकडे हिला वाकळ म्हणतात. मी डोंबिवलीला आल्यापासून गोधडी म्हणायला लागले, एवढाच काय तो शहराचा परिणाम.

तर सांगायचा मुद्दा असा की या सगळ्या कारभारात शरीर गृहीत धरलेलं आहे. खाली बसता येणं, वाकता येणं, बसलेलं उठता येणं, आणि मोठी सुई चिमटीत धरून पाच-सहा थरांतून आरपार ढकलता येणं. माझ्याकडे नेमकं तेच नाही.

२०११ साली मला संधिवाताचं निदान झालं. म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तराला शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. (डॉक्टर 'अस्तर' म्हणाले तेव्हा मला आधी गोधडीच आठवली होती!) मनगटं, बोटांची मुळं, मधली पेरं, पावलांचे लहान लहान सांधे, आणि सगळं दोन्हीकडे सारखंच. डाव्या-उजव्यात भेदभाव नाही. बोटांच्या अगदी टोकाचे सांधे मात्र बहुतेक वेळा यातून वाचतात. शिवणाऱ्या बाईला तेवढीच सवलत. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे, तपासण्या आहेत, आणि औषधांनी आजार बराच ताब्यात आहे. पण आजार ताब्यात असणं आणि दुखणं नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुखणं वेगळं बिऱ्हाड करून राहतं.

सकाळी तासभर मुठी वळत नाहीत. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायचा, म्हणजे कपही धरला जातो आणि शेकही मिळतो. अकरा वाजेपर्यंत हात 'उघडतात'. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा मिटायला लागतात. माझा दिवस मधल्या या सहा तासांचा.

कोणी म्हणेल, मग कशाला हा उद्योग? म्हणतातही. त्याचं कारण कपाटात खालच्या कप्प्यात आहे. आई २०१९ मध्ये गेली. शेवटपर्यंत तिने नऊवारीच नेसलं. इचलकरंजीची सुती लुगडी, धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की हातात घेतल्यावर वजनच लागत नाही. अशी सात लुगडी माझ्याकडे आली. दादाला एक, धाकट्या बहिणीला एक आणि मला एक, अशा तीन गोधड्या करायच्या असं मीच बोलून बसले. दादाची झाली. सध्या बहिणीची चालू आहे. माझी बघू.

जाऊबाई मनाने फार चांगल्या. त्या म्हणाल्या, "ताई, द्या की कुणाला तरी शिवायला. हल्ली बचतगटाच्या बायका सुंदर शिवून देतात." खरं आहे, देतात. मी त्यांचं काम पाहिलंय, माझ्यापेक्षा दहापट सुबक असतं. पण आईची लुगडी मी पार्सल करून पाठवू शकत नाही. याला कारण विचाराल तर माझ्याकडे नाही.

मग पहिला प्रश्न, जमीन. खाली बसणं शक्य नाही म्हटल्यावर गोधडीलाच वर यावं लागणार. रेन्वार हा फ्रेंच चित्रकार, त्यालाही हाच आजार होता. शेवटच्या वर्षांत त्याच्या हातात ब्रशसुद्धा दुसऱ्या कोणाला तरी द्यावा लागे. मोठी चित्रं काढता यावीत म्हणून त्याने कॅनव्हास रुळांवर गुंडाळायची सोय करून घेतली होती. रूळ फिरवायचा, चित्राचा हवा तो भाग समोर आणायचा आणि बसल्या जागी रंगवायचं. १९१९ मध्ये मरेपर्यंत तो रंगवत होता. आता मी काही रेन्वार नाही, आणि आमच्या हॉलमध्ये रूळ बसवायला 'हे' परवानगीही देणार नाहीत. पण युक्ती तीच.

माझी युक्ती अशी. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी एकदम शिवायचीच नाही. एक-एक फुटाचे चौकोन करायचे. पाच रांगा नि सात ओळी म्हणजे पस्तीस चौकोन. प्रत्येक चौकोन स्वतःपुरता पुरा. वर चिंध्यांची जोडणी, मध्ये लुगड्याचा थर, खाली अस्तर. तिन्ही थर एकत्र शिवून तो चौकोन संपवायचा आणि बाजूला ठेवायचा. सगळे झाले की मधे पट्ट्या लावून जोडायचे. आजीने पाहिलं असतं तर म्हणाली असती, ही वाकळ कुठली, ही तर बसकरं! असतील बसकरं. बसकर मांडीवर मावतं, हे महत्त्वाचं. गोधडीचं खरं दुखणं तिचं वजन आहे. अर्धी शिवलेली गोधडी मांडीवर घेतली की उरलेली खाली लोंबते, ती लोंबणारी बाजू मनगटाला सतत ओढत राहते, आणि आपल्याला वाटतं सुईने हात दुखला. सुईने नाही, ओझ्याने. ज्यांना पूर्ण गोधडीच शिवायची असेल त्यांनी निदान टेबलाला लागून दोन खुर्च्या मांडाव्यात आणि गोधडीचा भार त्यांच्यावर टाकावा. एवढ्यानेही खूप फरक पडतो.

दुसरा प्रश्न, थर. जाड गोधडी ऊबदार हे खरं, पण प्रत्येक थराचा हिशेब अंगठ्याच्या मुळाशी द्यावा लागतो. मी तीनच घेते. शिवाय जुनं सुती कापड असेल तर सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते. नवी चादर, घट्ट विणीचं कापड, पॉलिस्टर, यांच्यातून सुई ढकलणं म्हणजे दारावर खिळा ठोकणं. आमच्या आज्यांनी जुन्याच लुगड्यांच्या गोधड्या केल्या त्या गरिबीमुळे, काटकसरीमुळे, हे तर आहेच. पण मला आता वाटतं, हातालाही तेच कापड सोसत असणार. चार बायका दिवसभर शिवत बसणार, ते काय कडक मांजरपाटावर?

चिंध्या जोडताना शिवण एका बाजूला पाडायची नाही, दोन्हीकडे उघडून इस्त्री करायची. नाहीतर चार शिवणी जिथे भेटतात तिथे गाठ होते आणि सुई अडते. अडलेली सुई जोर लावून काढायची नसते, ती मागे घ्यायची आणि बाजूने न्यायची.

तिसरा प्रश्न, चिमूट. सगळ्या दुखण्याचं मूळ चिमटीत आहे. आपण सुई ओढताना अंगठा आणि तर्जनी इतक्या जोरात दाबतो की त्या दाबाची आपल्याला कल्पना नसते. यावर उपाय आमच्या 'ह्यां'नी काढला. हे बँकेतून निवृत्त झालेत. नोटा मोजताना बोटाला घालायची ती रबरी टोपी यांच्या टेबलाच्या खणात अजून पडलेली होती. म्हणाले, "ही घालून बघ." घातली. सुईला रबराची पकड बसते, त्यामुळे दाबायलाच लागत नाही, नुसतं धरलं की सुई येते. फुटलेल्या फुग्याचा तुकडाही चालतो. ढकलायला मधल्या बोटात अंगुस्तान, ओढायला तर्जनीत बँकेची टोपी. हात असा दिसतो की लहान मुलं हसतात. बाकी मग किरकोळ गोष्टी. दोऱ्याला मेण लावायचं. दोरा हातभरापेक्षा लांब घ्यायचा नाही, कारण लांब दोरा ओढताना दर टाक्याला खांदा उचलावा लागतो. कोपर उशीवर टेकवायचं. बसायच्या आधी गरम पाण्यात हात धरायचे. कात्री मात्र मी जवळजवळ सोडलीच आहे. कापायचं काम गोल पात्याच्या कटरने, उभं राहून, आणि तेही बहुतेक वेळा जाऊबाई करतात.

आखण्याचंही काम मी वगळलं. खडू किंवा पेन्सिल दाबून धरणं म्हणजे पुन्हा चिमूटच. कडेची पहिली ओळ नजरेने घालायची, दुसरी तिच्याशेजारी, तिसरी दुसरीशेजारी. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे सिद्दी समाज आहे. पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांचे हे वंशज. घरात एक प्रकारची कोंकणी बोलतात. त्यांच्या बायका 'कवंदी' शिवतात, ती अशीच कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने फिरत मध्याकडे जाते, चिंध्या जाता जाता लावतात, आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची 'फुलं' लावतात. तिचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ओळी कुठे वाकड्या, कुठे दाट, कुठे विरळ, आणि तरीही नजर हलत नव्हती. तेव्हापासून माझ्या ओळी वाकड्या गेल्या की मी त्यांच्याकडे काणाडोळा करते. नजरेने शिवलेली ओळ पट्टीने आखल्यासारखी कशी असेल?

आता सुयांचं सांगते.

एक फुटाच्या चौकोनाला एकेक इंचावर ओळी घातल्या तर साधारण दहा फूट धावदोरा होतो. हातभर दोऱ्यात दीड वीतभर ओळ शिवून होते, म्हणजे एका चौकोनाला नऊ-दहा सुया लागतात. रात्री जेवणं झाली की हे चष्मा लावून बसतात आणि सहा सुयांमध्ये दोरा ओवून त्या सुईगादीत टोचून ठेवतात. सहाच. दुसऱ्या दिवशी अकरानंतर मी बसते. दोन सुया झाल्या की उठायचं, फिरायचं, बोटं उघडमीट करायची. पुन्हा दोन. पुन्हा दोन. सहावी संपली की दुकान बंद, मग ओळ मध्यावर असली तरी.

हे शेवटचं वाक्य लिहायला सोपं आहे. "एवढी ओळ पुरी करते आणि उठते" हे गोधडी शिवणाऱ्या प्रत्येक बाईचं वाक्य आहे. आणि चांगल्या दिवशी तर हात थांबत नाही. पण असल्या आजारात चांगला दिवसच जास्त घातक, कारण वाईट दिवशी शरीर स्वतःच थांबवतं, चांगल्या दिवशी थांबवणारं कोणी नसतं. माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक साधी मोजपट्टी दिली आहे. काम थांबवल्यानंतर दोन तासांच्या वरही दुखणं वाढलेलंच राहिलं, तर ते काम जास्त झालं, उद्या कमी करायचं. आणि सांधा गरम लागत असेल, सुजला असेल, तर त्या दिवशी सुईला हात लावायचा नाही. दुखेपर्यंत काम आणि मग विश्रांती असं नाही. दुखायच्या आधीच विश्रांती. सहा सुया म्हणजे तेच, फक्त घड्याळापेक्षा मला ते बरं वाटतं. घड्याळाचा गजर बंद करता येतो. संपलेली सुई मात्र संपलेलीच असते, आणि नवी ओवायची म्हटली तर माझ्या बोटांना ते जमत नाही!

सहा सुया म्हणजे पस्तीस चौकोनांना साठेक दिवस. हे कागदावर. वाईट दिवस, पावसाळी हवा, पाहुणे, सणवार धरून दादाच्या गोधडीला सात महिने लागले.

आता जे लिहायचं मी मघापासून टाळते आहे ते लिहिते.

गेल्या वर्षी घरी हळदीकुंकू होतं. सोफ्यावर सुईगादी आणि अर्धा चौकोन तसाच राहिला होता. नात्यातल्या एका काकूंनी तो उचलला, उलटसुलट करून पाहिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "छान शिवलंय हो! गोधडी शिवायला हात चालतात म्हणायचे. मला तर वाटलं होतं पोळ्यासुद्धा बाहेरून येतात!"

येतात. आमच्याकडे पोळ्या गेली कित्येक वर्षं पोळी-भाजी केंद्रातून येतात. कणीक मळणं माझ्या मनगटाला झेपत नाही, आणि लाटणं तर त्याहून नाही. मी काकूंना "घ्या ना, तिळगूळ घ्या" म्हटलं. पण ते वाक्य पुढे महिनाभर माझ्या डोक्यात फिरत राहिलं. कारण त्यात एक तर्क आहे, आणि तो वरवर पाहता बरोबर वाटतो. हात चालतात की नाही चालत? चालत असतील तर पोळ्या का नाही? चालत नसतील तर गोधडी कशी?

याचं उत्तर असं आहे की माझा हात हा दिवा नाही, चालू किंवा बंद असायला. तो महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या पगारासारखा आहे. आज इतकेच आहेत. त्यात दूध आणायचं की भाजी, की रिक्षाने जायचं, हे ठरवायला लागतं. केस विंचरणं, ब्लाउजची बटणं, डब्याची झाकणं, गॅसचा लायटर, बाथरूमची कडी, सगळे त्यातूनच मागतात. आणि यातून अर्धा तास मी गोधडीसाठी आधीच बाजूला काढते. उरलेला नाही हं, आधीचा.

इथेच खरी गोम आहे. बाईने दुखरे हात पोळ्यांवर खर्च केले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. उलट कौतुक झालं असतं, "एवढं दुखतं तरी सगळं हाताने करते हो!" मी ते गोधडीवर खर्च करते म्हणून हिशेब मागितला जातो. जणू हातांवर पहिला हक्क पोळपाटाचा. हे बोलणारी प्रत्येक व्यक्ती काकूच असते असंही नाही. कधीकधी माझ्याच आतून तो आवाज येतो, विशेषतः केंद्रातल्या पोळ्या गार आणि वातड आल्या की. 'हे' काही न बोलता खातात. न बोलता खाणं हेही एक बोलणंच असतं, पण तेच रात्री चष्मा लावून सुया ओवतात, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

दिसत नाही हाच या दुखण्याचा मोठा त्रास. प्लास्टर असतं तर दिसलं असतं. वेदनेचा अभ्यास करणारी आयएएसपी नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने २०२० मध्ये वेदनेची आपली जुनी, १९७९ची व्याख्या बदलली. व्याख्या आहे तशीच आहे, किचकट. पण तिच्यासोबत काही टिपा दिल्या आहेत. वेदना हा नेहमीच ज्याचा त्याचा अनुभव असतो, आणि एखादा माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या म्हणण्याचा आदर राखावा, अशा अर्थाचं त्यात लिहिलं आहे. जगभरच्या तज्ज्ञांना एवढी साधी गोष्ट लिहून काढावी लागली, यावरूनच काय ते समजा. काकूंना हे वाचून दाखवावं असं एकदा मनात आलं होतं. मग म्हटलं, जाऊ दे, त्यांचेही गुडघे दुखतात, आणि त्यांना कोणी विचारतही नाही.

गोधडी शिवताना दुखणं विसरायला होतं का, असं बहीण विचारते. कधी होतं, कधी नाही. मेंदूचं लक्ष दुसरीकडे गेलं की वेदना कमी जाणवते हे खरं आहे, अनुभवही तसा आहे. पण काही दिवस असे असतात की सहाच्या सहा सुया दुखऱ्या बोटांनीच जातात. त्या दिवसाच्या ओळी मला ओळखू येतात. टाके मोठे असतात आणि थोडे तिरके. दादाच्या गोधडीत असे चार-पाच चौकोन आहेत. वहिनी म्हणाली, "वन्सं, हा भाग दुसऱ्या कोणी शिवलाय का?" मी म्हटलं, नाही गं, मीच, पण पावसाळ्यात.

बहिणीच्या गोधडीचे तेवीस चौकोन झालेत. जोडायचं काम जाऊबाईंच्या मोटारच्या मशिनवर होईल, कारण पाच चौकोनांची रांग झाली की वजन पुन्हा सुरू होतं. आधी रांगा जोडायच्या, मग रांगेला रांग. हिरव्या लुगड्याचा काठ मात्र अजून तसाच पडून आहे. त्याची वीण इतकी घट्ट की सुई शिरत नाही. रबरी टोपी, मेण, सगळं करून पाहिलं. बहिणीला तोच काठ हवाय, कारण आई तिच्या बारशाला ते लुगडं नेसली होती असं तिचं म्हणणं आहे. बारसं हिचं, आठवण मला हवी खरं तर, मी तेव्हा सात वर्षांची होते! असो. तो काठ कडेच्या पट्टीला लावायचा आणि मशिनवर घालायचा असं जाऊबाईंचं नि माझं ठरलंय. त्या म्हणतात रविवारी येते. पट्टी किती रुंद धरायची ते मोजून ठेवायला सांगितलंय त्यांनी, दोन इंच पुरेल बहुतेक.